अप्पांचा क्लिक थ्री आणि पत्र्याचा डबा : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

उद्या संक्रांत म्हणून आईने आज माळा आवरायला काढला, म्हणजे तिने खाली खुर्चीत बसून सांगायचं आणि मी शिडीवर चढायचं. हलव्याच्या दागिन्यांची पेटी शोधता शोधता अगदी मागे कोपऱ्यात बिस्किटांचा एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा हाताला लागला आणि त्याच्या शेजारी, अप्पांच्या तपकिरी मफलरमध्ये गुंडाळलेला, माझा कॅमेरा. माझा म्हणजे आधी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, अग्फा क्लिक थ्री. मी शिडीवरच बसले. आई खालून विचारतीये काय सापडलं गं, आणि मला बोलताच येईना, कारण त्या मफलरला अजून अप्पांच्या कपाटाचा वास होता.

हातात घेतल्यावर पहिली गोष्ट आठवली ती वजन, इतकं हलकं की तेव्हाही वाटायचं हे खेळण्यातलं आहे का. काळं अंग, पुढे काच, वर बघायचा छोटा चौकोन, मागे लाल खिडकी. सेटिंग म्हणजे ऊन आणि ढग, एवढंच. शटर दाबलं तर दाबलं गेलं पण आवाज नाही आला, तो टक असा आवाज. तो आवाज मला आत्ता लिहितानाही ऐकू येतोय.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला तुझ्याकडेच राहू दे, तुलाच कळतं त्यातलं. मग ठरवलं की आता नुसतं बघून परत मफलरमध्ये नाही ठेवायचं. दोन कामं. एक, कॅमेरा चालू करून त्यात परत रोल घालायचा. दोन, डब्यातल्या सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या. आणि नोंदी लिहायच्या, कारण मी ठरवते फार आणि अर्धवट सोडते हे मला आता चालणार नाहीये.

१६ जानेवारी, मंगळवार

रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पांढरा टॉवेल पसरून बसले. मागचं झाकण उघडलं तर आत रिकामी रीळ तशीच. शेवटचा रोल काढून धुवायला दिला तेव्हाची. ही रीळ फेकली नाही हे फार बरं झालं, कारण १२० च्या रोलची गंमतच ही आहे की नवा रोल एका रिळावरून निघून दुसऱ्या रिकाम्या रिळावर गुंडाळला जातो, आणि रोल संपला की ती भरलेली रीळ दुकानात जाते आणि रिकामी झालेली पुढच्या रोलसाठी पलीकडे सरकते. म्हणजे अप्पांनी वापरलेल्या रिळावरच माझा नवा रोल जाणार.

भिंगावर बुरशीची एक बारीक जाळी होती. पुण्याचे पावसाळे, आणि गुंडाळलेलं लोकरीत, लोकर ओल धरते. आधी ब्लोअरने धूळ उडवली, मग मऊ कापडाला लेन्स क्लीनर लावून मधून बाहेर गोल गोल पुसलं, आतल्या बाजूने इअरबडने. नव्वद टक्के गेली. शटरची पट्टी मात्र चिकटली होती, तिथे लायटरच्या पेट्रोलचा एकच थेंब सुईच्या टोकावर घेऊन सोडला, दहा मिनिटं थांबले, दाबलं, काही नाही, परत थांबले, परत दाबलं. पाचव्यांदा टक.

आई आतून म्हणाली, "आला का गं आवाज?" तिला भिंतीपलीकडे ऐकू आला.

असले कॅमेरे बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचे. नाव जर्मन, पण आपल्याकडे बनलेला, म्हणून तर मध्यमवर्गीय घरात येऊ शकला. माझ्या वयाच्या किती जणांचा पहिला फोटो ह्याच कॅमेऱ्याने काढलेला असेल.

२१ जानेवारी, रविवार

आज डबा उघडला. आत बटर पेपरची पाकिटं, एकूण ४१, प्रत्येकावर अप्पांचं अक्षर, निळ्या शाईतलं. अप्पांची शिस्त अशी की एक रोल एक पाकीट, वर महिना, साल आणि काय काय काढलं ते. 'दिवाळी १९७३, आई, चौक, तुळस.' 'मे १९७६, सिंहगड, दादा पडला.' 'गणपती १९७९, टिळक पुतळा, गर्दी.' एका पाकिटावर नुसतं 'वाई, फोटोचा फोटो, नाही आला.' ते काही कळलं नाही, तसंच बाजूला ठेवलं.

सगळ्यात जुनं पाकीट १९७२ चं. त्याच्या आधीचं काहीच नाही आणि ते का नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि पाणी गावात घुसलं. आमचा वाडा नारायण पेठेत नदीच्या बाजूला. अप्पा तेव्हा चौदा वर्षांचे. आजी आणि अप्पा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले ते चढावर कोणाच्या तरी माडीवर जाऊन बसले. परत आले तेव्हा खालच्या दोन्ही खोल्यांत गुडघाभर चिखल, भांडी सापडली, आजीचं जातं सापडलं, शिवणाचं मशीन सापडलं, आणि भिंतीवरचं काहीही सापडलं नाही. भिंतीवर माझ्या आजोबांचा फोटो होता. आजोबा त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेले. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे. म्हणजे माणूस आधी गेला आणि मग फोटोही गेला.

म्हणून आमच्या घरात ६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. नदीकाठच्या पेठांमध्ये अशी किती घरं आहेत, त्यांना विचारा, भांड्यांचं कोणी बोलत नाही, फोटोंचं बोलतात. लहानपणी शाळेत 'माझे आजोबा' निबंध आला की मी अप्पांना विचारायचे ते कसे दिसायचे, आणि अप्पा सांगायचे उंच होते, बोटं काळी असायची शाईने. चेहऱ्याचं कधी सांगायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं सांगायचं टाळतायत. आत्ता वाटतंय की त्यांना नीट आठवत नसावं आणि ते म्हणायचं तरी कसं.

अप्पांना नोकरी लागून थोडे पैसे साठले तसा त्यांनी घरात पहिली वस्तू आणली ती हा कॅमेरा. आई म्हणते तिला मिक्सर हवा होता.

२४ जानेवारी, बुधवार

जुना बाजार. बुधवार आणि रविवार असतो तो, रविवारी चेंगराचेंगरी म्हणून आज हाफ डे टाकून गेले. फिल्म धुवायची काळी टाकी मिळाली, आतलं चक्र धड आहे, झाकणाचं रबरही. जुन्या काचांचे दोन तुकडेसुद्धा घेतले, कडा घासून घ्याव्या लागतील.

२८ जानेवारी, रविवार

स्कॅनिंगची जोडणी झाली. लेकीचा डिजिटल कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, तिचीच मॅक्रो लेन्स, खाली एलईडीचा पांढरा पॅनल, त्यावर दुधी प्लास्टिक, त्यावर काळ्या कार्डबोर्डची चौकट कापून निगेटिव्ह, आणि कॅमेरा स्टँडवर उलटा खाली बघणारा. स्पिरिट लेव्हल ठेवून सरळ केला. खोलीतला दिवा बंद, पडदे बंद. मग फोटो काढायचा आणि गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटा करायचा, काळ्याचं पांढरं. सहा बाय सहा सेंटीमीटरची निगेटिव्ह केवढी मोठी असते हे विसरलेच होते मी. पस्तीस एमएमच्या जवळजवळ चौपट. साध्या एका भिंगाचा कॅमेरा, कडा सगळ्या धूसर, पण मधोमध आजीच्या नऊवारीची वीण दिसतीये.

बहुतेक रोल ऑर्वोचे, पूर्व जर्मनीतले, कडेला एनपी २२ असं छापलेलं. काही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे, इंदू. ऑर्वोच्या जास्त चांगल्या राहिल्यात.

आज एक चूक झाली आणि ती लिहून ठेवते. १९७५ च्या पाकिटातल्या दोन पट्ट्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. मी कडेने नख घालून ओढल्या. सुटल्या, पण एकीवरचा जिलेटिनचा थर दुसरीवर निघून आला. दादाचा मुंजीतला चेहरा होता त्यावर, आता तिथे एक कोरा डाग आहे. अर्धा तास काहीच केलं नाही, नुसती बसले. नंतर वाचून बघितलं तर अशा पट्ट्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायच्या असतात, जिलेटिन फुगतं आणि त्या आपल्याआपण सुटतात, मग थेंबभर वेटिंग एजंट, म्हणजे पाण्याचे डाग पडू न देणारं द्रावण, घातलेल्या पाण्यातून काढून चिमट्याने टांगायच्या. पुढच्या तीन चिकट जोड्या तशाच सोडवल्या, एका रात्रीत सुटल्या. ज्याला कोणाला घरच्या निगेटिव्ह काढायच्यात त्यांनी कृपा करून आधी पाणी आणा आणि मग डबा उघडा.

दोन पट्ट्यांना व्हिनेगरचा वास येतोय. फिल्मचा अॅसिटेटच सडायला लागला की त्यातून अॅसिटिक अॅसिड निघतं आणि ते शेजारच्या फिल्मलाही लागतं. त्या वेगळ्या ठेवल्या, आधी त्याच स्कॅन केल्या.

४ फेब्रुवारी, रविवार

पाकीट २९. 'मे १९८१, चिमणीचा पहिला रोल.' चिमणी म्हणजे मी.

चौथीची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा अप्पांनी विचारलं काय हवं, मी म्हटलं कॅमेरा, मला वाटलं ओरडतील. त्यांनी कपाटातून काढून हातातच दिला. म्हणाले, बारा आहेत, विचार करून काढ. आणि मग रोल घालायला शिकवलं, ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. वाड्याच्या जिन्याखाली अंधारात बसायचं, रोलचा कागदी पट्टा सोडायचा, कागदाचं निमुळतं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत घालायचं, अंगठ्याने फिल्म ताणलेली ठेवायची, झाकण बंद, आणि मग उजेडात येऊन लाल खिडकीला डोळा लावून खटका फिरवत राहायचं. आधी काहीच नाही, मग ठिपके, आणि मग हळूहळू सरकत १ येतो. तो आकडा खिडकीच्या मधोमध आला की माझ्या पोटात काहीतरी व्हायचं. अप्पा म्हणायचे, थांब, थांब, थांब, हां.

बारा फोटो मला तीन आठवडे पुरले. सुट्टी होती, सगळं पुणं डोळ्याला लावून फिरायचे आणि दाबायचे नाही. आज स्क्रीनवर एकेक उघडत गेले.

१, आजी चौकात, डोकं कापलेलं. २, शेजारच्यांची मांजर, म्हणजे मांजरीची जागा, मांजर गेलेली. ३, पर्वतीच्या पायऱ्या, हा चांगलाय, खरंच चांगलाय, आजही तसाच काढेन. ४, सारसबागेचं तळं. ५.

पाचवा आला आणि मी लेकीला हाक मारली. ह्या कॅमेऱ्याला रोल पुढे नेला की नाही हे कळत नाही, शटर कितीही वेळा दाबा, तेवढ्याच तुकड्यावर परत परत फोटो निघतो, लक्ष तुम्हीच ठेवायचं. मी आजीला गच्चीवर पापड वाळत घालताना काढलं होतं आणि खटका फिरवायला विसरले होते. दुसऱ्या दिवशी पेशवे पार्कात फुलराणी, तिथली मुलांची छोटी आगगाडी. दोन्ही एकाच चौकोनात. आजी वाकलीये, तिच्या पाठीमागून, नाही, पाठीतूनच फुलराणीचं इंजिन बाहेर येतंय, डब्यांच्या खिडक्यांमधून पापड दिसतायत, गोल गोल, आणि एका खिडकीत बरोबर पापडाच्या जागी एका लहान मुलाचा चेहरा. दुकानातून प्रिंट आले तेव्हा मी रडले होते, दोन चांगले फोटो वाया गेले म्हणून. आजीने तो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघितला, म्हणाली, "बरी बसवलीस गो मला आगगाडीत." तिने तो तिच्या पोथीत ठेवला होता. ती गेल्यावर पोथीबरोबर कुठे गेला कोणाला माहीत नाही, आणि आज बेचाळीस वर्षांनी तो परत आला, धुतल्यासारखा स्वच्छ. फुलराणी १९५६ पासून धावतीये, माझ्या लेकीनेही त्यात बसून घेतलंय, पण आजी बसली ती फक्त इथे.

मोठा प्रिंट करायचा. ठरलं.

११ फेब्रुवारी, रविवार

तेवीस पाकिटं झाली. एक गोष्ट लक्षात यायला लागलीये.

प्रत्येक दिवाळीच्या रोलमध्ये घरातल्या प्रत्येकाचा एक सरळ फोटो आहे. चौकात, तुळशीच्या डावीकडे, भिंतीला पाठ, कॅमेऱ्याकडे बघत, हात खाली. आजी, आई, दादा, मी. हसू नका असं सांगायचे अप्पा. दर वर्षी पाडव्याला, तीच जागा. मला हे अजिबात आवडायचं नाही, विशेषतः कॅमेरा माझ्याकडे आल्यावर, कारण बारातले चार असे जायचे आणि मला फटाक्यांचे काढायचे असायचे. एकदा मी म्हटलंही, अप्पा हे तर पासपोर्टचे फोटो झाले. ते म्हणाले, असू दे, चेहरा नीट यायला हवा.

आज लेकीने माझे सगळे ओळीने लावले, १९७३ ते १९८८. फ्रॉक, फ्रॉक, परकर, शाळेचा गणवेश, पंजाबी ड्रेस. मागची भिंत तीच, फक्त पोपडे वाढत गेलेत. ती वाडा पडल्यावर गेली. ह्या सोळा फोटोंत मी हसलेली एकदाच आहे आणि त्या वर्षी अप्पांनी दुसरा काढलाय, न हसलेला.

१८ फेब्रुवारी, रविवार

ते बाजूला ठेवलेलं वाईचं पाकीट आज घेतलं, तर कळलं की तशी तीन आहेत. 'मे १९७४, वाई, फोटोचा फोटो, नाही आला.' 'डिसेंबर १९७५, वाई, फोटोचा फोटो, नाही आला.' 'मे १९७८, वाई, फोटोचा फोटो, लांबून, नाही आला.'

स्कॅन केले. पहिल्या दोन रोलमध्ये तीन-तीन फ्रेम, सगळ्या इतक्या धूसर की नुसता एक उजळ चौकोन आणि त्यात करडे ठिपके. मी त्या खराब म्हणून टाकूनच देणार होते. तिसऱ्यात एक पडवी, खांब, खुंटीवर छत्री, आणि भिंतीवर एक लहानशी फ्रेम. हा फोटो स्वच्छ आहे, फक्त ती फ्रेम निगेटिव्हवर जेमतेम सात मिलिमीटर रुंद. मोठी केली. माणसांच्या दोन रांगा, मागची उभी, पुढची खुर्च्यांवर, टोप्या आणि पगड्या, आणि काचेवर उन्हाचा पांढरा तुकडा.

आईला लॅपटॉप नेऊन दाखवला. तिने चष्मा बदलला, बघितलं, आणि म्हणाली, "ही वन्संची पडवी. आणि हा छापखान्याचा ग्रुप फोटो, मामंजींचा."

मग तिने सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आत्याचं लग्न १९६० मध्ये झालं, पुराच्या आदल्या वर्षी. सासरी जाताना तिने हट्ट करून वडिलांचा एक फोटो बरोबर नेला, घरातला मोठा आजीने दिला नाही, म्हणून तिने छापखान्यातल्या सगळ्या लोकांबरोबरचा नेला. तो वाईला गेला म्हणून वाचला. पूर आला आणि त्यानंतर मात्र आत्याने तो भिंतीवरून कोणाला काढू दिला नाही. अप्पांनी किती वेळा म्हटलं पुण्याला नेऊन स्टुडिओत कॉपी करून आणतो, दोन दिवसांत परत देतो. ती म्हणायची, पुण्यात गेलेलं परत येत नाही. आई म्हणाली, "वाईतला फोटोवाला बोलावता आला असता. पण ह्यांना तो स्वतःच्या हातानेच काढायचा होता. तीनदा गेले. मग नाही बोलले परत."

आणि तो येणार कसा. हा कॅमेरा फोकसच करता येत नाही. भिंग एका जागी बसवलेलं, आठ-दहा फुटांपासून पुढचं बरं दिसतं, त्याच्या अलीकडचं सगळं मऊ. अप्पा जवळ गेले तर धूसर, लांब गेले तर फ्रेम एवढीशी. मी हिशोब केला, त्या लांबच्या फोटोत एकेक चेहरा निगेटिव्हवर पाव मिलिमीटरचा आहे. माझ्या स्कॅनमध्ये पंधरा-वीस पिक्सेल. टोपी कळते. टोपीखाली काही नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

वाईला आतेभावाला फोन. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली, पडवी पाडून स्लॅब टाकला. फोटो आहे का विचारताना माझा आवाज बारीक झाला. तो म्हणाला, आहे की, देवघरात आहे, आईने सांगून ठेवलंय हलवायचा नाही. मोबाइलवर काढून पाठवू का?

मी नको म्हटलं. का म्हटलं ते नीट सांगता आलं नाही त्याला, मी येते एवढंच म्हटलं. आई शेजारीच होती. ती मान हलवत होती, होकाराची.

३ मार्च, रविवार

चष्म्याचा उपाय. लेक म्हणाली क्लोजअप फिल्टर लाव, पण ह्या कॅमेऱ्याला आटेच नाहीत. मग सुचलं की क्लोजअप फिल्टर म्हणजे दुसरं काय, वाचायच्या चष्म्याचं भिंगच. प्लस दोनच्या भिंगाला अर्ध्या मीटरवरची वस्तू अशी दिसते की जणू खूप लांब आहे, कॅमेरा तेवढ्याने फसतो. आणि आपला कॅमेरा मुळात अनंतावर नाही, चार-पाच मीटरच्या आसपास बसवलेला, म्हणून अंतर थोडं अजून जवळ, पंचेचाळीसच्या जवळपास यायला हवं. आईच्या जुन्या चष्म्याची एक काच दोन नंबरची निघाली. ती काळ्या टेपने लेन्सपुढे लावली.

पण हिशोबावर विश्वास ठेवून वाईला जायचं नाही. इल्फर्डचा एफपी ४ रोल मागवलाय, १२५ चा. भिंतीला वर्तमानपत्र लावून ४०, ४५, ५० आणि ५५ सेंटीमीटरवरून काढले, पुस्तकांच्या थप्पीवर कॅमेरा ठेवून, दोऱ्याने अंतर मोजून. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या वर असतो, त्यामुळे जवळून तो खोटं सांगतो. तेवढं अंतर पट्टीने मोजून कॅमेरा वर उचलावा लागतो. उरलेल्या फ्रेममध्ये घरचे सगळे.

९ मार्च, शनिवार

चाचणीचा रोल घरी धुतला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतः. रात्री अकरा वाजता बाथरूमचा दिवा घालवून, दाराच्या फटीला टॉवेल, आणि मी आईच्या गोधडीखाली, हातात फिल्म. कागद वेगळा करायचा, फिल्म चक्रात सरकवायची, सगळं बोटांनी. दोनदा अडकली. घामाने बोटं ओली, ती फिल्मला लागायला नकोत, म्हणून मध्ये थांबून अंधारातच हात पुसले.

डी ७६ डेव्हलपर एकास एक पाणी, वीस डिग्री, अकरा मिनिटं. नळाचं पाणी आत्ताच सव्वीस आहे, घमेल्यात बर्फाच्या पिशव्या ठेवून वीसला आणलं. पहिली तीस सेकंद सलग हलवायचं आणि मग दर मिनिटाला दहा सेकंद. मग पाणी, मग चित्र पक्कं करणारा हायपो, आणि झाकण उघडलं तर पट्टी. ओली, काळी, आणि त्यावर बारा चौकोन. मी ओरडले, सगळे उठले.

४५ वरचा सगळ्यात धारदार. छोट्या जाहिरातींची अक्षरं वाचता येतायत.

१७ मार्च, रविवार

वाई. सकाळी सहाला निघालो, मी, आई आणि लेक. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळलो तेव्हा आई म्हणाली की अप्पा इथे एसटीतून नेहमी कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचे, बॅगेत ठेवायचे नाहीत.

आतेभावाने फोटो स्वतः उतरवून दिला. मागे पुठ्ठ्यावर पेन्सिलने नावं, रांगेप्रमाणे, आणि १९५४. मागची रांग, डावीकडून चौथे.

मी लगेच बघितलं नाही. आधी काम. अप्पांची दुसरी अडचण उन्हाची होती, काचेवरची चकाकी, म्हणून आम्ही उन्हात न जाता पुढच्या ओट्यावर सावलीत खुर्ची मांडली, फोटो तिला टेकवून ताठ उभा केला, समोर काळी शाल धरायला लेक आणि वहिनी, म्हणजे काचेत आमचीच प्रतिबिंबं नकोत. पाटावर डबे, डब्यांवर कॅमेरा. दोरा, ४५. लाल खिडकीत १. आई म्हणाली, "थांब, थांब, थांब, हां." तिला हे माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

सहा फोटो फोटोचे काढले, सगळे त्याच अंतरावरून, दोन ढगावर, दोन उन्हावर, आणि दोन परत ढगावर. उरलेल्यातले चार आतेभावाच्या घरच्यांचे, एकेकाचा सरळ, भिंतीला पाठ. एक घाटावरून ढोल्या गणपतीचा. शेवटचा आईचा.

मग खुर्चीतला फोटो हातात घेऊन बघितला. डावीकडून चौथे. उंच आहेत, खरंच, शेजारच्यापेक्षा बोटभर वर. टोपी थोडी मागे. दादाचे कान. आणि दोन्ही हात मागे बांधलेत, त्यामुळे बोटं दिसत नाहीत.

२४ मार्च, रविवार

वाईचा रोल धुतला. आज होळी, खाली सोसायटीत ढोल, वर मी गोधडीत. नळाचं पाणी अठ्ठावीसवर गेलंय, बर्फ जास्त लागला. बाकी तसंच.

सहाही आले. ढगावरचा तिसरा सगळ्यात चांगला, कुठेही चकाकी नाही.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

प्रिंट काल संध्याकाळी मिळाले. दोन केले, आजोबांचा एकट्याचा भाग मोठा करून एक, आणि आजी फुलराणीत बसलेली एक. दादा आला होता गुढीसाठी, त्याने आजोबांचा फोटो धरला आणि आरशासमोर जाऊन कानाशी लावून बघितला. दोन्ही शेजारी शेजारी लावलेत, हॉलमध्ये, नवऱ्याच्या शेजारी बायको, तो छापखान्यात आणि ती आगगाडीत.

दुपारी पट्टी तीन-तीनची कापली आणि बटर पेपरचं पाकीट केलं. डब्यात १९७८ च्या मागे घातलं. निळी शाई मिळाली नाही, काळ्या पेनने लिहिलं : 'मार्च २०२४, वाई, फोटोचा फोटो, आला.'

पाकीट ३३ ते ४१ स्कॅन करायची राहिलीत. रविवारी.